माणूस निघतो, कागद गावीच राहतो

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बिहारच्या गोपालगंज जिल्ह्यात हजारामागे १०२१. महाराष्ट्राची सरासरी तेव्हा ९२९ होती, बिहारची ९१८. हे आकडे नुसते शेजारी मांडले तर वाटेल, या दोन जिल्ह्यांत मुलींना बरे दिवस आलेत. पण इथे आकडा वाढलाय तो गावात नसलेल्या पुरुषांमुळे. रत्नागिरीचे मुंबईला गेलेले, गोपालगंजचे दिल्ली, लुधियाना, सुरत, पुण्याला, काही थेट आखातात.

कोकणातल्या चाकरमान्याचं जगणं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. गिरणगावातली गावकी मंडळाची खोली, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागेवर आडवा, कडेला ओळीनं ट्रंका, दोन वेळचं जेवण खानावळीत, महिन्याची मनीऑर्डर, आणि गणपतीला काही झालं तरी गाव. आता गणपतीच्या जागी छठ ठेवा, मनीऑर्डरच्या जागी मोबाइल, लालबागच्या खोलीच्या जागी पुण्याच्या वाकड-रावेतच्या साइटमागची दहा बाय दहाची पत्र्याची खोली. चित्र हुबेहूब जुळतं. उन्हाळ्यात तो पत्रा रात्री अकरापर्यंत तापलेला असतो आणि आत सहा-आठ जण असतात, एवढाच काय तो फरक.

आणखी एक फरक आहे, आणि तो दिसत नाही. रत्नागिरी आणि मुंबई यांच्यामध्ये राज्याची सीमा नाही. गिरणीतल्या माणसाचा जातीचा दाखला मुंबईत चालत होता, पोरगं महापालिकेच्या मराठी शाळेत बसत होतं, अर्ज करायचा तर तो आपल्याच बोलीजवळच्या भाषेत होता. गोपालगंजचा माणूस उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश ओलांडून पुण्यात उतरतो तेव्हा तो एकटाच उतरतो. त्याचं रेशन, मत, दाखला, कामगार म्हणून असलेली नोंद हे सगळं मागे राहिलेलं असतं. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानं त्याला देशात कुठेही जायची, राहायची मोकळीक दिली आहे. पण जगायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी राज्यांनी आपापल्या वहीत लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या वह्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. दोन राज्यांतल्या विषमतेचा विचार करताना उत्पन्नाचे आकडे सगळे सांगतात. मला वाटतं, या वह्यांकडेही तितकंच बारकाईनं पाहायला हवं.

आधी उत्पन्नाचं बघू, कारण माणूस घर सोडतो ते त्यामुळेच. १९६०-६१ मध्ये बिहारचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या ७० टक्के होतं. आज ते ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. महाराष्ट्र त्याच काळात १३४ टक्क्यांवरून सुमारे १५१ वर गेला, आणि पश्चिम बंगाल १२७ वरून ८४ वर घसरला. म्हणजे १९६० च्या सुमारास दरी होती, पण ती आजच्याएवढी खोल नव्हती. ती खणली गेली. कशी, याची कारणं अनेक. इंग्रजांच्या १७९३ च्या कायमधाऱ्यानं, म्हणजे कायमच्या ठरवलेल्या शेतसाऱ्यानं, जमीन जमीनदारांच्या घशात गेली, कोसीसारख्या नद्या दरसाल शेतं धुऊन नेतात, वीज आणि शाळा उशिरा पोचल्या. पण एक कारण दिल्लीत बसून केलेलं होतं आणि त्याची आठवण महाराष्ट्रात क्वचितच निघते. १९५६ पासून पोलादासाठी मालभाडे समानीकरणाचं धोरण लागू झालं. जमशेदपूरचं पोलाद जमशेदपूरच्या शेजारी घ्या किंवा मुंबईत घ्या, भाव एकच. रेल्वेभाड्यातला फरक सरकारनं सगळ्यांवर सारखा वाटून टाकला. मग कारखानदारानं खाणीजवळ, आजच्या झारखंडात, कारखाना कशाला काढायचा? बंदर, बाजारपेठ आणि बँका जिथे आहेत तिथेच तो काढणार. कापसाला मात्र असं समानीकरण कधी नव्हतं. हे धोरण १९९२ च्या सुमारास मागे घेतलं गेलं, तोवर पस्तीस वर्षं उलटली होती आणि कारखाने जिथे रुजायचे तिथे रुजले होते.

आपल्याकडे एक तक्रार नेहमी ऐकू येते, की महाराष्ट्राचा कर बिहारला जातो. जातो हे खरं. पंधराव्या वित्त आयोगानं केंद्रीय करातल्या राज्यांच्या वाट्यातून बिहारला १०.०६ टक्के दिले आणि महाराष्ट्राला ६.३२. पण पैसा उलट्या दिशेनंही वाहतो, आणि तो प्रवाह कुणी दाखवत नाही. पुण्यातला सेंट्रिंगवाला महिन्याला दहा हजार घरी पाठवतो. ते सिवानच्या एखाद्या शाखेत बायकोच्या खात्यावर जमा होतात. बिहारमधल्या बँकांत जमलेल्या शंभर रुपयांपैकी साधारण निम्मेच तिथे कर्ज म्हणून दिले जातात. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास पूर्ण ठेवींएवढं असतं. उरलेला पैसा जिथे कर्जाला मागणी आहे तिथे जातो, म्हणजे पुन्हा मुंबई-पुण्याच्या प्रकल्पांत. त्यानं बांधलेल्या इमारतीच्या कर्जात त्याचीच बचत मिसळलेली असते. शिवाय वीस वर्षं ज्याला खाऊ घालून, शिकवून, लसी देऊन वाढवलं, तो कमावता झाल्यावर दुसऱ्या राज्याला मिळाला, त्याचा हिशेब कुठल्याच आयोगाकडे नाही.

किती जण असे आले? २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित दिसतात. त्यांत मोठा भाग लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा, आणि बहुतेक जण आपल्याच राज्यात हललेले. राज्याची सीमा ओलांडलेले सुमारे ५.४ कोटी, आणि त्यांतले सर्वांत जास्त, ९० लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात. पण ही मोजणी मुक्काम बदललेल्यांची. चार महिने वीटभट्टीवर, पाच महिने उसाच्या फडात, दोन महिने साइटवर आणि पेरणीला गावी, असं ज्याचं वर्ष तुकड्या-तुकड्यांचं आहे, तो तिच्या चाळणीतून गळतो. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीनं म्हणून वेगळी वाट धरली. रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या आकड्यांवरून अंदाज काढला, तर दरवर्षी राज्याराज्यांत हलणारे कामकरी ९० लाखांच्या घरात निघाले. जनरल डबा हीच जिथे मोजपट्टी ठरते, तिथे नोंदी किती तोकड्या आहेत ते कळतं.

आता त्या वह्यांकडे येऊ. पहिली रेशनची.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सुरू झालं ते दोन जोड्यांपासून, आंध्र-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात. जून २०२२ मध्ये आसाम शेवटचं आलं आणि देश पूर्ण झाला. ही योजना मनापासून चांगली आहे आणि कागदावर सोपीही. दुकानात जायचं, कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगायचा, यंत्रावर अंगठा ठेवायचा. गावाकडच्या कार्डावर आई, बायको, दोन मुलं आणि तो अशी पाच नावं असतील तर २५ किलो होतात. त्यानं इथे ५ उचलले तरी घरच्यांना तिथे २० मिळतात. एकदम सगळं उचलायची सक्ती नाही. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे.

प्रत्यक्षात गाडी कुठे अडते, ते पाहण्यासारखं आहे. पहिली अडचण अंगठ्याची. सिमेंटमधला चुना ओल्या हाताची कातडी खातो. वर्षभर माल कालवणाऱ्या बिगाऱ्याच्या बोटांवर रेषा उरत नाहीत, आणि यंत्र तीनदा नकार देतं. डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र किंवा मोबाइलवर येणारा आकडा असे पर्याय आहेत, पण यंत्र प्रत्येक दुकानात नसतं, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बऱ्याचदा दोन सिमकार्डांपूर्वीचा असतो. दुसरी अडचण वेळेची. गावी बायकोनं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळे २५ किलो उचलले असतील तर इथे यंत्र शून्य दाखवतं. म्हणून दर महिन्याला दोघांनी फोनवर ठरवून घ्यावं लागतं, कोण किती उचलणार. तिसरी अडचण दुकानदाराची. त्याला माल येतो तो त्याच्या दुकानाला जोडलेल्या कार्डांच्या हिशेबानं. परगावचे किती येतील हे त्याला आधी ठाऊक नसतं. यंत्रात नोंद झाली की पुढच्या खेपेला त्याची भरपाई व्हावी अशी रचना आहे, पण महिनाअखेरीला गोदाम रिकामं असताना तो ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात साइट बदललेली असते. एक दिवस हजेरी बुडवून पाच किलो तांदळासाठी दुसरी फेरी मारणं कुणालाच परवडत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र यंत्राबाहेरची. कायद्याखाली कुठल्या राज्यात किती माणसांना धान्य मिळणार, हे आजही २०११ च्या लोकसंख्येवर ठरलेलं आहे, देशभर मिळून ८१ कोटींच्या आसपास. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे ज्या राज्यांचा कोटा भरला आहे तिथे नवी नावं चढतच नाहीत, किंवा कुणाचं कमी झालं तरच चढतात. पंचवीस वर्षांचा तरुण वडिलांच्या कार्डातून वेगळा निघालेला, लग्न झालेलं, स्वतःचं कार्ड नाही. ज्याच्याकडे गावीच कार्ड नाही त्याला पुण्यात काय दाखवायचं? म्हणूनच एका राज्याच्या आतल्या आत दुसऱ्या दुकानातून होणारी उचल महिन्याला कोटींत मोजली जाते आणि राज्य ओलांडून होणारी लाखांत.

धान्य मिळालं तरी ते शिजवायला गॅस लागतो. घरगुती जोडणीला पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा पाच किलोचा लहान सिलिंडर कंपन्यांनी काढला आहे, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पण अनेकांना तो ठाऊकच नसतो. मग किलोच्या भावानं चोरून भरून देणारा टपरीवाला जवळचा ठरतो. तो भावही जास्त घेतो, आणि अशा भरणीत आग लागण्याचा धोका असतो तो वेगळाच.

दुसरी वही बांधकाम मंडळाची. या वहीत पैसा आहे म्हणून ती नीट समजून घ्यावी. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर सुरू झाला. पन्नास कोटींच्या इमारतीमागे पन्नास लाख. तो राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो, आणि त्यातून मुलांच्या शिष्यवृत्त्या, बाळंतपणाला मदत, अपघात आणि मृत्यूचं साहाय्य, सुरक्षा साहित्य द्यायचं असतं. पात्रता साधी आहे. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला.

हा ९० दिवसांचा दाखला हीच खरी खिंड. साइटवर विकासक वर, त्याखाली मुख्य ठेकेदार, त्याखाली कामाचा ठेकेदार, त्याखाली पेटी ठेकेदार, आणि सगळ्यांत खाली गावाहून माणसं आणणारा मिस्त्री. आठवड्याला ‘खर्ची’ मिळते ती मिस्त्रीकडून, आणि पुरा हिशेब होतो गावी जाताना. सही कुणाची घ्यायची? वरचा म्हणतो माझा कामगार नाही, खालच्याचा शिक्का नाही. शिवाय ९० दिवस एका जागी होत नाहीत. वाकडला ४०, चाकणला २५, रावेतला ३०. बेरीज ९५ भरते, पण तीन साइट म्हणजे तीन सह्या, आणि पहिल्या साइटचा ठेकेदार तोवर काम आवरून गेलेला. ग्रामसेवक किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याकडून दाखला घेण्याची सोय आहे, पण त्यांना त्यानं काम केलेलं दिसलेलं नसतं. मधे दलाल उभा राहतो तो याच फटीत. आणि अशाच फटीतून, ज्यांनी कधी थापी धरली नाही असे लोकही नोंदले जातात.

समजा, हे सगळं जमलं आणि नोंदणी झाली. वर्षभरानं नूतनीकरण आलं तेव्हा तो छठला गावी होता. किंवा मिस्त्रीनं नवं काम हैदराबादला घेतलं. तेलंगणाचं मंडळ वेगळं, तिथे पुन्हा पहिल्यापासून ९० दिवस. ज्या इमारतीवर तो खपला तिचा उपकर पुण्यातच भरलेला आहे, आणि तो पैसा त्याच्यामागे येत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या निधीच्या बाबतीत राज्यांना फार कडक शब्दांत सुनावलं, कारण हजारो कोटी जमा होते आणि कामगारांपर्यंत पोचत नव्हते. उपकर सगळ्या देशात सारखा आहे, कायदा केंद्राचा आहे. मग नोंदणी एकच आणि देशभर चालणारी का नसावी, याला मला तरी कुठलंही पटणारं उत्तर मिळालेलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ई-श्रम संकेतस्थळावर ३० कोटींहून अधिक कामगारांची नोंद झाली, प्रत्येकाला बारा आकडी क्रमांक मिळाला. पण त्या क्रमांकानं मंडळाचं दार आपोआप उघडत नाही.

गोष्ट अशी नाही की हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पश्चिम ओडिशातून, बलांगीर-नुआपाडाच्या भागातून, आंध्र-तेलंगणातल्या वीटभट्ट्यांवर माणसं जातात त्याला ‘दादन’ म्हणतात. ऋषिपंचमीच्या दिवशी तिथे नुआखाई, नव्या तांदळाचा सण. सण उरकला की माणसं गोळा करणारा सरदार उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, वाटत फिरतो. ती माणशी नसते, ‘पथुरिया’मागे असते. पथुरिया म्हणजे नवरा, बायको आणि एक पोर. पोराचे हात हिशेबात धरलेले. या दादनच्या अनुभवातूनच १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला. त्यात ठेकेदाराला परवाना सक्तीचा, प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं पासबुक, जाण्यायेण्याचं भाडं आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरी, वर महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, तोही परत न घेण्याच्या बोलीवर. वाचताना आजही वाटतं, किती विचारानं लिहिलं होतं.

पण कायदा लागू व्हायला ठेकेदारानं भरती केलेली पाच माणसं लागायची, म्हणून कागदावर चारच दिसायची. बाकीचे ‘आपले आपण आले’. गाडीत बसून स्वतःहून आलेला माणूस त्या व्याख्येत बसतच नव्हता. २०२० च्या नव्या श्रमसंहितेनं, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ही व्याख्या रुंद केली. स्वतःहून आलेलाही आता स्थलांतरित कामगार आहे, महिना १८ हजारांपर्यंतच्या मजुरीला. हे चांगलं झालं. पण पाचाचा आकडा दहा झाला आणि विस्थापन भत्ता गेला. लहान मिस्त्रीच्या हाताखालची सात-आठ जणांची टोळी, जिला या कायद्याची सगळ्यांत जास्त गरज, तीच आता बाहेर राहते.

‘परप्रांतीय’ हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो. तो वापरताना बीडचा कोयता आठवावा.

दसऱ्याच्या आसपास बीड, पाथर्डी, जतच्या भागातून ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. काही सांगली-कोल्हापूरला थांबतात, काही सीमा ओलांडून बेळगाव, बागलकोट, विजापूरच्या कारखान्यांवर जातात. कोयता म्हणजे जोडपं. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल पावसाळ्यातच घेतलेली, घराच्या पत्र्यांत नाहीतर पोरीच्या लग्नात संपलेली. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटनांचा करार होऊन तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. चांगला ऊस असेल तर एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो, मोळ्या बांधतो, डोक्यावरून गाडीत भरतो. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. हंगामात १२० दिवस काम मिळालं तर ८८ हजारांच्या आत. उचल एक लाखाची असेल तर पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना, ‘बाकी’ निघते आणि पुढचा हंगाम आधीच विकला गेलेला असतो. एखादा दिवस आजारपणात गेला तर खाड्याचा दंड तिच्यात चढतो. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मिळतात ते वरखर्चाला.

आता हाच कोयता कर्नाटकात असेल तर काय होतं? महाराष्ट्राचा दरकरार तिथल्या कारखान्याला बांधील नाही. ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे दहा रुपये इथल्या कारखान्यांकडून घेतात, तिथला कारखाना ते देत नाही. रेशन दुकान फडापासून कोसभर लांब, आणि गाडी भरून होते रात्री. पोराला शाळेत घालायचं तर निपाणीकडे एखादी मराठी शाळा सापडेल, बागलकोटच्या पुढे कन्नडच. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं आणि आजी धडधाकट असेल तर मूल मागे राहतं. नाहीतर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ते कोपीपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढे, धाकट्याला सांभाळत बसतं आणि एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. मुकादमानं मारहाण केली तर तक्रार ज्या ठाण्यात द्यायची तिथली भाषा त्याची नाही. नंदुरबार-धुळ्याचे आदिवासी दक्षिण गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, त्यांचंही असंच. विट्या-आटपाडीची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं काम, करणारी माणसं देशभर पसरली, पेढ्या काढून स्थिरावली. ती वाट हातात कसब आणि मागे गोतावळा असलेल्यांची. कोयत्याला ती मिळाली नाही. पुण्यातल्या बिहारी बिगाऱ्याला जे सोसावं लागतं, तेच मराठी माणूस शेजारच्या राज्यात सोसतो.

जातीच्या दाखल्याचं थोडक्यात. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यानुसार आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९० पासून सातत्यानं हेच सांगितलं आहे की एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. झारखंडच्या पठारावरून एकोणिसाव्या शतकात आसामच्या चहामळ्यांत नेलेल्या संथाळ-मुंडांचे वंशज आजही आसामात अनुसूचित जमाती नाहीत. पाच-सहा पिढ्या झाल्या.

मताचं त्याहून नाजूक. नाव जिथे राहता तिथे हवं, असा नियम. पुण्यात नाव हलवायचं तर नमुना ८ भरायचा, पत्त्याचा पुरावा जोडायचा, आणि पत्र्याच्या खोलीचा भाडेकरार कुणी करत नाही. म्हणून नाव गावीच ठेवतात. पण २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, तेव्हा १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं कमी झाली, आणि त्यांतल्या ३६ लाखांच्या आसपास नावांपुढे कारण होतं, ‘कायमचे स्थलांतरित किंवा आढळले नाहीत’. त्यांतले किती खरोखर कायमचे गेले आणि किती जुलैमध्ये फक्त कामावर होते? निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय त्यात होती. पुढे ते सरकलं नाही.

केरळनं काही वेगळं करून दाखवलं. २०२२-२३ मध्ये ग्रामीण शेतमजुराची सरासरी रोजची मजुरी केरळात ७६४ रुपये होती आणि मध्य प्रदेशात २२९. इतकी तफावत असेल तर माणूस तीन हजार किलोमीटरही जाणार. केरळनं २०१० मध्येच परराज्यातल्या कामगारांसाठी वेगळी कल्याण योजना काढली. २०१७ मध्ये ‘आवाज’ विमा आला, अपघाती मृत्यूला दोन लाख आणि उपचारांना पंधरा हजार. एर्नाकुलममध्ये ‘रोशनी’ प्रकल्पात बंगाली, हिंदी, ओडिया बोलणारे स्वयंसेवक शाळेत मुलांना मल्याळमकडे हात धरून नेतात. तिथेही राहण्याची जागा वाईटच आहे आणि नोंदणीतून बरेच सुटतात. तरी आलेल्या माणसाची नोंद आपल्या वहीत करायची, हे त्या राज्यानं मनावर घेतलं.

दोन राज्यांच्या मध्ये माणूस कसा अडकतो, हे २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, सगळ्यांनी पाहिलं. कामगारांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या १ मे पासून सुटल्या. पण गाडी सुटायला पाठवणाऱ्या राज्याची यादी हवी, पोचणाऱ्या राज्याची संमती हवी, कामगाराची नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी हवी. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ कामगारांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करत होते, मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरियाचे, आणि भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं चालत निघाले होते. पाससाठी अर्ज केला होता, असं त्यांच्यातले वाचलेले सांगत होते. पोचणाऱ्या राज्याच्या संमतीची अट केंद्रानं काढून टाकली ती १९ मे रोजी, अकरा दिवसांनी.

आता पुढची जनगणना जाहीर झाली आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भाचा क्षण १ मार्चचा. फेब्रुवारीत ऊसतोड भरात असते. जनगणनेचा रिवाज असा, की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नसेल त्याला घरी धरायचं नाही, तो असेल तिथे धरायचं. पाटोद्याच्या घरात म्हातारी प्रगणकाला सांगेल की पोरगा आणि सून बाहेर आहेत, होळीनंतर येतील, आणि प्रगणक ती दोन नावं सोडून पुढच्या घरी जाईल. बागलकोटकडच्या फडात, कारखान्याच्या रस्त्यापासून आत, पाचटाच्या पन्नास कोप्या असतील. तिथे दिवसा कुणी नसतं. त्या कोप्यांपर्यंत रात्री कुणी पोचलं, आणि त्याला ‘शेवटचं राहतं ठिकाण’ हा प्रश्न मराठीत विचारता आला, तर ती दोन नावं कुठेतरी लागतील.